बोलायला लागेपर्यंत थांबू नका

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली नांदुरा-शेगावकडे. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईशी बोलायला बसलं की आधी निघतो तो बोलण्याचाच विषय. हा कधी बोलेल, शाळेत कधी बसेल, यावर औषध आहे का. मग घरातली पुरुषमंडळी उठून जातात, चहाचे कप आत जातात आणि तिचा आवाज खाली येतो. "मॅडम, याच्या शी-शूचं काय करावं जी? अजून चड्डीतच करते." पोरगं तेव्हा सहा वर्षांचं असतं, कधी नऊ, कधी चौदा.

ही पुस्तिका त्या आईसाठी आहे. तिच्याबरोबर तिच्या सासूसाठी, नवऱ्यासाठी, गावातल्या अंगणवाडी सेविकेसाठी आणि शाळेतल्या शिक्षकांसाठीही आहे, कारण हे काम एकट्या आईने होत नाही. स्वमग्न मुलं, बौद्धिक दिव्यांग मुलं, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, यांना लघवी आणि शौचाला योग्य जागी जायला कसं शिकवायचं, एवढाच तिचा विषय. मला सांगायचं आहे ते पहिल्याच पानावर सांगून टाकते. मूल बोलायला लागेल, त्याला समजायला लागेल, मग शिकवू, असं म्हणून थांबू नका. जागेवर जाणं शिकायला बोलता यावं लागत नाही. मूल तास-दीड तास कोरडं राहत असेल, दोन-चार मिनिटं एका जागी बसू शकत असेल, तर सुरुवात करता येते. थांबण्यात गेलेली वर्षं फुकट जातात एवढंच नाही, त्या वर्षांत चड्डीत करण्याची सवय पक्की होते आणि ती मोडायला पुढे दुप्पट कष्ट पडतात.

या विषयावर लिहायला लोक बिचकतात. मला यात बिचकण्यासारखं काही दिसत नाही. दिव्यांग मुलाचं आयुष्य किती मोठं होणार, हे पुष्कळ वेळा याच गोष्टीवर ठरतं. कायदा काय म्हणतो ते पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा दिली, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग मुलांचा स्पष्ट समावेश झाला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता नावानिशी आहे. कागदावर कुठेच अडचण नाही. प्रत्यक्षात प्रवेश मिळतो, दुसऱ्या आठवड्यात मूल वर्गात कपडे खराब करतं आणि घरी फोन येतो, "घेऊन जा." असे फोन चार-पाच झाले की आई स्वतःच मुलाला पाठवणं बंद करते. हजेरीपटावर नाव राहतं, मूल ओट्यावर बसून राहतं. कोणी नाही म्हटलेलं नसतं, म्हणून तक्रार तरी कोणाची करायची?

आईचंही तेच. सोयाबीनच्या सोंगणीला बाया भल्या पहाटे निघतात, ही घरी. बहिणीचं लग्न मेहकरला असलं तरी ही जात नाही, कारण मांडवात मुलाने केलं तर लोक काय म्हणतील. मोठ्या मापाचे डायपर तालुक्याच्या मेडिकलवरही सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी रोजमजुरीवर चालणाऱ्या घराला ते परवडणार कसे?

अशी मुलं किती असतील, असं अधिकारी नेहमी विचारतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली होती, त्यांत आपल्या शेजारचं उत्तर गोवा होतं. श्रवणदोष, फेफरं, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व असे मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ प्रकार धरले तर आठांत जवळपास एका मुलात यांपैकी काहीतरी आढळलं. तो आकडा बुलढाण्याला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही आणि त्यातल्या सगळ्याच मुलांना या शिकवणीची गरज असते असंही नाही. पण तेरा तालुक्यांच्या, २०११ च्या जनगणनेत पंचवीस लाख शहाऐंशी हजार लोकसंख्या असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट दोन-चार घरांची नाही, हे उघड आहे.

या विषयावर पुस्तकं आहेत, चांगली आहेत. ती बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्यांतलं घर आपलं नाही. त्यांत मुलाला फ्लशच्या आवाजाची भीती वाटते, कमोडवर पाय टेकत नाहीत म्हणून पायाखाली पाट द्यायचा असतो, कागदाने पुसायला शिकवायचं असतं. आपल्याकडे फ्लशच नाही. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं, ते ड्रममध्ये भरून ठेवलेलं असतं आणि शौचाला मोजून टमरेलभर मिळतं. स्वच्छ भारत अभियानात बारा हजार रुपयांच्या अनुदानावर बांधलेली शौचालयं गावोगाव आहेत. ती इतकी अरुंद की आत मूल बसलं तर आईला उभं राहायला जागा नाही. पत्र्याचा दरवाजा ओढला की मोठ्याने खडखडतो. दिवा नसतो. पुष्कळ घरी आत सरपण नाहीतर ढेपेची पोती असतात, कारण घरातले मोठेच अजून बाहेर जातात. हगणदारीमुक्तीच्या मोहिमेत राज्यभर पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' फिरली, लोकांना लाजवलं गेलं. लाजेने काय साधलं ते साधलं. स्वमग्न मुलावर मात्र लाजेचा इलाज चालत नाही. लोक आपल्याकडे बघताहेत, हसताहेत, हे त्याच्यापर्यंत आपल्याइतकं पोचतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो अंधार, वास, पायाला लागलेला गार सिमेंटचा कोबा आणि पत्र्याचा आवाज. तो आत जात नाही याला आपण हट्ट म्हणतो.

हट्ट म्हणणं सोपं आहे, म्हणून सगळे म्हणतात. जरा जवळून पाहा. पोट भरलं, लघवी साठली, हे शरीर आतून कळवतं. पुष्कळ स्वमग्न मुलांना हा आतला निरोप अंधूक येतो, काहींना अगदी शेवटच्या क्षणी येतो. तोवर उशीर झालेला असतो. काहींना निरोप कळतो, पण तो दुसऱ्याला सांगायचा असतो हे उमगत नाही. काहींना गार पाणी अंगाला लागलेलं सोसत नाही. काहींनी एकदा जागा पक्की केली की ती बदलत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा प्रश्न आणखी वेगळा, त्याला सगळं कळतं पण उकिडवं बसता येत नाही. बाहेरून सगळ्यांचं दिसणं एकच, ओली चड्डी. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि कोणता ते मुलाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून या पुस्तिकेतलं पहिलं काम शिकवणं नसून नोंद ठेवणं आहे. एक-दोन आठवडे, दर अर्ध्या तासाने, ओलं की कोरडं, शौच कधी झालं, काय खाल्लं. आईला लिहिता येत नसेल तर मोठ्या बहिणीने फुल्या माराव्यात. ही नोंद पूर्ण झाली की बहुतेक घरांत एकच आश्चर्य व्यक्त होतं: "हे तं रोज एकाच टायमाले होते!"

इथे एका मुलाविषयी सांगायला हवं. घाटाखालचं गाव, आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा, बोलत नाही. लघवी अंगणात कुठेही. शौच मात्र फक्त गोठ्यामागे, तुराट्यांच्या गंजीजवळ, भिंतीला हात लावून उभ्याने, संध्याकाळी दिवेलागणीला. पाहुण्यांनी गंजीजवळ गाडी लावली तर तो दोन-दोन दिवस कोंडून धरायचा. घरच्यांनी मारून पाहिलं होतं, चटका देण्याचा धाकही दाखवून झाला होता. सगळे त्याच्या 'घाण सवयी'विषयी बोलत होते आणि त्याला केवढं येतं आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याला वेळ कळत होती. जागा कळत होती. जागा मिळेपर्यंत धरून ठेवता येत होतं. शिकवणीतला सगळ्यांत अवघड भाग तो स्वतःच शिकून बसला होता, फक्त चुकीच्या जागी.

मग त्याची जागा त्याच्याकडून हिसकावून घेतली नाही. आधी तिथेच पायाखाली एक गोणपाट अंथरलं. त्याने ते मान्य केल्यावर गोणपाटावर घमेलं आलं. उभ्याने सुरू असलेलं काम उकिडवं बसून व्हावं म्हणून आजी शेजारी बसायची आणि त्याचे दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवायची. हे जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मग गोणपाट आणि घमेलं मिळून रोज वीत-दोन वीत शौचालयाच्या बाजूला सरकू लागलं. तोवर बापाने आतली ढेपेची पोती काढली, दिवा लावला, पत्र्याच्या दाराच्या कडेला जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली, म्हणजे दार लागताना खडखडाट नको. गोणपाट आत गेलं, घमेलं गेलं, शेवटी गोणपाटही गेलं. दार बंद व्हायला आणखी काही आठवडे लागले. यात सलग पुढेच जाणं झालं नाही. दिवाळीत घर माणसांनी भरलं आणि पोरगं पुन्हा गंजीमागे गेलं. त्या दिवशी त्याला कोणी मारलं नाही, ही त्या घरात झालेली सगळ्यांत मोठी गोष्ट होती असं मी मानते. दिवाळीनंतर घमेलं पुन्हा दोन पावलं मागे घेतलं आणि तिथून चालू केलं.

यातली रीत नवी नाही. १९७१ साली अमेरिकेत नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी एका मनोरुग्णालयात राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांना अशाच पायऱ्यांनी शिकवलं आणि अंगावर होण्याचं प्रमाण काही दिवसांत फार खाली आणलं. ठरलेल्या वेळी बसवणं, कोरडं आहे का ते तपासणं, जमलं की तत्क्षणी आवडीची गोष्ट देणं, हे त्यांच्याकडून सगळ्या जगाने घेतलं. त्यांच्या पद्धतीत चूक झाली की शिक्षा म्हणून पुन्हा पुन्हा साफ करायला लावणंही होतं. तो भाग आता जाणत्यांनी टाकून दिला आहे, या पुस्तिकेतही तो नाही. भरपूर पाणी पाजण्याचा त्यांचा प्रकारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

त्याआधी, १९६२ साली, टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी हजाराहून अधिक मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं होतं की मुलाला घाई करू नका, त्याची तयारी दिसली की शिकवा. सल्ला चांगला होता आणि इतर मुलांसाठी आजही चांगला आहे. पण तो झिरपत झिरपत आपल्याकडच्या दवाखान्यांत 'होईल आपोआप, वाट पाहा' असा होऊन आला आणि विशेष मुलांच्या आयांना तेच सांगितलं जाऊ लागलं. ज्या मुलाला तयारीची खूण बाहेर दाखवताच येत नाही, त्याच्या खुणेची वाट किती वर्षं पाहायची?

आपल्या आज्या वाट पाहत नव्हत्या. काही महिन्यांच्या बाळाला दोन्ही पावलांवर बसवायचं आणि तोंडाने 'शूऽ' करायचं, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही ओसरीवर दिसतं. बाळ बोलत नसतं, त्याला काही 'समजत' नसतं, तरी आवाज आणि बसण्याची ढब यांची सांगड त्याच्या शरीरात बसते. १९७७ साली केनियातल्या डिगो लोकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तिथेही आया अगदी तान्हेपणापासून असंच करतात आणि सहाव्या महिन्याच्या आसपास बाळं खुणेवर लघवी करू लागतात. मोठ्या वयाच्या स्वमग्न मुलासाठी आपण हीच सांगड पुन्हा बसवतो. तोच आवाज, तीच जागा, तीच वेळ. बऱ्याच घरांत सगळ्यांत आधी हे उमजतं ते आजीला, म्हणून तिला या कामातून वगळू नका. मुलाला मोबाइल देऊन अर्धा-अर्धा तास बसवून ठेवायला मात्र तिलाही सांगू नका. तीन ते पाच मिनिटं पुरे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आतडी आपसूक हालचाल करतात, ती बसवायची उत्तम वेळ.

आता बद्धकोष्ठाविषयी. हे प्रकरण पुस्तिकेत सगळ्यांत मोठं आहे आणि ते मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे. कितीतरी मुलं शिकत नाहीत याचं कारण त्यांच्या डोक्यात नसतं, पोटात असतं. स्वमग्न मुलांचं खाणं ठरावीक असतं: बिस्किटं, कुरकुरे, पांढरा भात, दूध. भाकरी-भाजीला तोंड लावत नाहीत. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पाणीच खारट, ते मूल पीत नाही. शौच कडक होतं, एकदा दुखतं, दुखलेलं मुलाच्या लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी ते आवळून धरतं. पाय ताणून, टाचा उचलून, पलंगाला धरून उभं राहिलेलं मूल पाहिलं की घरच्यांना वाटतं जोर लावतोय. ते बहुतेक वेळा धरून ठेवत असतं. आत खडा साचत जातो. नालीत दगड अडकला की कडेने पाणी झिरपत राहतं, तसं पातळ शौच खड्याच्या कडेने चड्डीत येतं. आई म्हणते जुलाब लागलेत आणि जुलाब थांबवायचं औषध देते. त्याने खडा आणखी घट्ट होतो. सतत थोडी थोडी चड्डी खराब होणं, पोट फुगलेलं राहणं, कधीतरी एकदम भलंमोठं शौच, त्याबरोबर रक्ताचा डाग, यांतलं काही दिसलं तर शिकवणी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. शौच मऊ करणारी औषधं साधी असतात, पण ती कधीकधी महिनोन्‌महिने द्यावी लागतात आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करून चालत नाही. मुलाला शौचाचं दुखणं विसरायलाच तितका काळ लागतो. लघवी वारंवार होत असेल, जळजळ दिसत असेल, कोरडं राहायला लागलेलं मूल अचानक ओलं करू लागलं असेल, तरीही डॉक्टर आधी. फेफरं येणाऱ्या मुलाला झटक्यातही लघवी होते, तेव्हा त्याला रागावून काय उपयोग?

रात्रीचं अंथरूण ओलं होणं हा वेगळा विषय आहे, तो दिवस जमल्यानंतरचा. इतर मुलांतही पाच-सहा वर्षांपर्यंत ते चालतं.

खुणांविषयी थोडं. शाळेत पोरं करंगळी वर करून बाईंकडे पाहतात, बाई मान हलवतात. ही खूण जिल्ह्यातल्या प्रत्येक वर्गाला कळते, मग विशेष मुलासाठी नवी खूण कशाला शोधायची? करंगळी धरवत नसेल तर वस्तू चालते. निघताना प्रत्येक वेळी त्याच्या हातात तेच टमरेल द्या, बाकी काही बोलू नका. काही दिवसांनी गरज लागली की ते टमरेल तुमच्यापुढे आणून ठेवील. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी वस्त्यांत घरची भाषा एक आणि अंगणवाडीची दुसरी असते. तिथे तर टमरेल शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि "लागली का रे?" असं विचारत राहू नका. ज्याला आतला निरोप कळत नाही तो काय उत्तर देणार? वेळ झाली की घेऊन जा.

कपड्यांनी पुष्कळ अडतं. हुक आणि बटणांची गणवेशाची पँट काढायला मुलाला जितका वेळ लागतो तितका लघवी थांबत नाही. इलास्टिकची चड्डी, मुलींना नाडीऐवजी इलास्टिकची सलवार शिवा. शाळेने गणवेशाच्या नियमात एवढी सवलत द्यायला हरकत नसावी. शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवा: चड्डी कमरेपर्यंत तुम्ही आणा, शेवटची दोन बोटं त्याला ओढू द्या, आणि काम पूर्ण झाल्याची शाबासकी त्याला मिळू द्या. उद्या गुडघ्यापासून. धुण्याचंही तसंच, पाणी ओतणं आणि डाव्या हाताने धुणं ही दोन कामं एकाच वेळी करणं अवघड असतं, म्हणून सुरुवातीला पाणी तुम्ही ओता.

मुलींविषयीचं प्रकरण आयांनी एकट्याने न वाचता बापांनीही वाचावं अशी माझी विनंती आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना ठेवता येत नाही, हे कारण सांगितलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला, महाराष्ट्र हादरला. इतकी वर्षं झाली तरी कुठल्या तरी आईच्या तोंडी तोच प्रश्न दबक्या आवाजात येतो: "ऑपरेशन करून टाकलं तं?" तिच्यावर मी रागावू शकत नाही. तिला कोणी दुसरा रस्ता दाखवलेला नसतो. सहाव्या वर्षी ठरलेल्या जागी बसायला, धुवायला, कपडे नीट करायला, हात धुवायला शिकलेली मुलगी बाराव्या वर्षी पॅड बदलायला शिकू शकते, कारण तिच्यासाठी ती त्याच ओळखीच्या क्रमातली एक वाढलेली पायरी असते. सुरक्षिततेचाही प्रश्न इथेच आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला स्वच्छ करायला रोज कोणीही चालतं, त्याला कोणाचा हात योग्य आणि कोणाचा अयोग्य हे शिकवणार कसं? मदत करणारी माणसं ठरलेली असावीत, दोनच असावीत, आणि दार लावणं हा धडा पहिल्या दिवसापासून असावा.

ज्यांना बसताच येत नाही त्यांच्यासाठी महागडी साधनं लागतात असा समज आहे. मेक्सिकोतल्या आहोया नावाच्या खेड्यात काम करताना डेव्हिड वर्नर यांनी खेड्यातल्या दिव्यांग मुलांसाठी एक ग्रंथ लिहिला, तो १९८७ साली निघाला. त्यात लाकडी पेट्या आणि बादल्यांपासून मुलांसाठी शौचाच्या बैठका कशा करायच्या याची चित्रं आहेत. आपल्या गावातही म्हाताऱ्या माणसासाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवतातच. तीच युक्ती लेकरासाठी करा, फक्त पाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी खुर्ची बुटकी हवी. पुढे धरायला आडवा बांबू. गावचा सुतार हे तासाभरात करून देतो. मणक्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांचं मात्र वेगळं आहे, त्यांतल्या पुष्कळांची लघवी नळीने काढावी लागते, ते डॉक्टरांकडूनच शिकून घ्या.

आपल्या देशात हे काम कोणी केलंच नाही असं नाही. सिंधुताई जोशींनी पुण्यात १९६४ साली 'कामायनी' सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या विशेष शाळांत स्वतःचं स्वतः करणं हा अभ्यासक्रमाचा गाभा राहिला आहे. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने पालकांसाठी या विषयावर पुस्तिका काढल्या. मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' हे बालविकास केंद्र पालकांना बरोबर घेऊन काम करतं. आपल्या जिल्ह्यात शेगावला गजानन महाराज संस्थानाची मतिमंद मुलांसाठी शाळा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात. पथक आलं की मूल लपवू नका, पुढे करा, आणि लघवी-शौचाविषयी स्वतःहून सांगा, कारण धावपळीत ते विचारलं जाईलच असं नाही. तज्ज्ञ मात्र अजून अकोल्याला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला, एक दिवस आणि एक मजुरी घालवून. तिथे सांगितलेलं घरी येऊन करायचं असतं ते मोरीत आणि परसात. म्हणून लिहिताना मी प्रत्येक सूचनेपुढे एकच प्रश्न ठेवला: हे ज्या घरी एक टमरेल पाणी आहे, तिथे करता येईल का? न येणाऱ्या सूचना काढून टाकल्या.

मुख्याध्यापकांना वेगळं सांगायचं आहे. शाळेतल्या दिव्यांगांसाठीच्या शौचालयाला कुलूप असेल तर ते उघडा आणि किल्ली वर्गशिक्षकाकडे ठेवा. घरी ज्या वेळा ठरल्या आहेत त्याच शाळेत पाळल्या तर मूल काही महिन्यांत वर्गात टिकेल. घरी एक आणि शाळेत दुसरं झालं तर दोन्हीकडची मेहनत वाया जाईल. मुलाच्या दप्तरात जादा चड्डी आणि प्लॅस्टिकची पिशवी असू द्या. कपडे बदलायला कोण मदत करणार हे पालकसभेत नव्हे, पालकांशी स्वतंत्र बसून ठरवा. फिरत्या विशेष शिक्षकांना या कामासाठी बोलवा, ते त्यांच्या कामातच येतं.

पुस्तिका पहिल्या पानापासून ओळीने वाचायची गरज नाही. बद्धकोष्ठाचं तिसरं प्रकरण आधी वाचा, त्यातली लक्षणं मुलात आहेत का ते पाहा. मग शेवटच्या पानावरचा कोरा तक्ता फाडून घ्या, स्वयंपाकघराच्या दाराला लावा आणि दोरीने पेन्सिल बांधा. नोंद सुरू करायला सोमवार किंवा चांगला मुहूर्त लागत नाही, पण लग्नसराई, पेरणी किंवा घरातलं आजारपण चालू असेल तर तेवढे दिवस जाऊ द्या. तक्ता भरत असताना मुलाला काहीही शिकवू नका, रागावू नका, नेहमीसारखं चालू द्या. दोन आठवड्यांनी फुल्या कुठे दाटल्या आहेत ते घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा आणि त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीची वेळ ठरवा. चौथं प्रकरण तिथून सुरू होतं.